पेवात उतरणारं ऊन

एप्रिल लागला की माझ्या वह्या पिवळ्या पडतात. जुन्या झाल्यामुळे नव्हे. या दिवसांत हरिपुरात हळद येते. सांगलीच्या बाजारातून गाड्यांमागून गाड्या येतात, पोती सुटतात, आणि हळदीची धूळ हवेत अशी तरंगत राहते की दारं लावून वाचायला बसलं तरी पानावरून फिरणाऱ्या बोटाला रंग लागतो. घाम पुसला की कपाळ पिवळं. कॉलेजातली मुलं विचारतात, "काय रे, लग्न ठरलं काय?" पहिल्या वर्षी मी लाजायचो. आता सांगतो, "ठरलं. अर्थशास्त्राशी."

यंदा बी.ए.चं शेवटचं वर्ष. पेपर पंधरा दिवसांवर आलेत आणि मला एका जागी बसवत नाही. पुस्तक घेऊन चिंचांच्या रस्त्याला जातो. एका झाडाखाली दोन पानं होतात, दुसऱ्या झाडाखाली एक. तिथून उठून संगमाच्या पायऱ्यांवर. तिथे कृष्णेत वारणा मिसळते ती बघत बसतो आणि पुस्तक मिटलेलंच राहतं. आई म्हणते, "पायाला काय भवरा बांधलाय काय रं तुज्या?" तिला वाटतं परीक्षेची भीती आहे.

भीती परीक्षेची नाही. मला आबांना एक गोष्ट विचारायची आहे. पुण्याला आता सिनेमा काढायचं शिक्षण मिळतं, पदवी असली की अर्ज करता येतो. तो अर्ज मला करायचा आहे. आमच्या घरात मॅट्रिक झालेला पहिला मी. आबांच्या मनात मी एखाद्या हायस्कुलात मास्तर झालेला आहे, कोट घालून. पण ते मोडायचं म्हणून मी गप्प आहे असंही नाही. गेल्या वर्षी याच दिवसांत जे झालं, त्यानंतर 'सिनेमा' हा शब्द आबांपुढे काढायला माझी जीभ रेटत नाही.

सिनेमाबद्दल माझी काही मतं आहेत. ती मला कुणी विचारलेली नाहीत, म्हणून सांगताना संकोच वाटतो. एका शंभर पानी वहीत मी ती लिहून ठेवली आहेत. एक असं की, सिनेमातल्या गरिबाच्या झोपडीत चूल असते पण धूर नसतो. मग त्या बाईच्या डोळ्याला सारखं पाणी कशानं येतं? दुसरं असं की, श्रीमंताच्या घरातला जिना फक्त उतरायला असतो. हातात भाजीची पिशवी घेऊन, धापा टाकत तो जिना चढणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. ही मतं मी माझा मित्र दस्तगीर याला वाचून दाखवली. दस्तगीर सांगलीत सिनेमाचे बोर्ड रंगवतो. तो म्हणाला, "गड्या, तुज्या सिनेमाचा बोर्ड मी कसा रंगवू? धूर आन् भाजीची पिशवी? कुत्रं तरी थांबंल काय बघाय?" तेव्हापासून तो मला डायरेक्टर म्हणतो.

ही मतं कुठून आली याचा विचार करतो तेव्हा मला मामाचं गाव आठवतं. शिराळ्याच्या बाजूला आहे ते. तिथे यात्रेला तंबूचा सिनेमा यायचा. त्यांच्याकडे मशीन एकच, त्यामुळे एक रीळ संपलं की दिवा लागायचा आणि दुसरं चढेपर्यंत सगळा तंबू बोलायला लागायचा. मामी मागे वळून म्हणायची, "आवं, ही बाई त्या सावकाराला एवडी भिती कशापाई? कडी लावून घ्यावी की आतनं!" पलीकडून एखादा म्हातारा म्हणायचा, "कडी लावली तर फुडचा सिनेमा कसा व्हायचा, आक्का?" हशा व्हायचा, भांडणं व्हायची, खलनायकाला शिक्षा ठरायची, आणि मग दिवा जायचा. मला कित्येक वर्षं वाटत होतं की सिनेमा असाच असतो. काढणाऱ्यानंच लोकांना बोलायला मधे मधे जागा सोडलेली असते.

सांगलीला शिकायला लागल्यावर पहिल्यांदा पक्क्या थिएटरात गेलो. तिथे दोन मशीन. सिनेमा थांबेचना. मी दिवे लागायची वाट बघत होतो, आणि मनात साठलेलं इतकं झालं की शेजारच्या गृहस्थांना हळूच विचारलं, "आता बोलायचं कधी?" ते म्हणाले, "घरी जाऊन बोला." मी ओशाळलो. पण अजूनही मला वाटतं की तंबूत जे व्हायचं ते बरोबर होतं.

मुख्य सिनेमाच्या आधी दहा मिनिटांचा माहितीपट दाखवतात. त्या वेळी लोक बाहेर फुटाणे घेत असतात. मी आत बसतो. त्यात खरी माणसं असतात म्हणून मला तो आवडतो. विणकर, कोळी, धरणावरचे मजूर. फक्त एक मला खटकायचं. ती माणसं शिक्षा झाल्यासारखी उभी असतात. हेही मी वहीत लिहिलं होतं: 'असे का?'

मला स्वतःला सिनेमा काढायचा होता तो पेवाचा.

पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार. हरिपुराची जमीन त्याला मानवते. वरून बघितलं तर माणूस जेमतेम जाईल एवढं तोंड, आणि आत रांजणासारखं सुटलेलं पोट, दोन-तीन पुरुष खोल. हळद भरायची, तोंडावर फरशी, फरशीवर माती. वर्षं गेली तरी आत कीड लागत नाही, कारण आत हवाच नसते. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच उतरायचं नसतं. तोंड उघडं ठेवून थांबायचं, मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर नाही. मी पाचवीत होतो तेव्हा आबांच्या बरोबरीचा एक जण घाईनं उतरला. त्याला वर ओढून काढलं तेव्हा चेहऱ्यावर सगळी हळद होती. त्या हळदीखाली त्याचा रंग कसा झाला होता ते कुणाला दिसलंच नाही.

आबा पेवांवर काम करतात. बाबासाहेबांच्या मागोमाग दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी आमच्या मूळ गावातली वाट्याला आलेली कामं सोडली आणि आम्हाला घेऊन इथे आले. "हितं काम जोखमीचं हाय," ते म्हणायचे, "पर उतर म्हनून कुनी हुकूम सोडत न्हाई. कंदील सांगतो तवा उतरायचं." मला त्यांनी कधीच पेवात उतरू दिलं नाही. पण मी तोंडाशी पालथा पडून कितीदा तरी आत बघितलं होतं. एप्रिलात साडेबाराच्या सुमारास ऊन त्या तोंडातून आत उतरतं. उन्हाचा एक खांबच उभा राहतो, आणि त्यात हळदीची धूळ सावकाश फिरत असते. पाऊण तासात तो खांब कलतो, भिंतीवर चढतो आणि जातो. मला वाटायचं, कॅमेरा खाली ठेवावा आणि वर बघावं. त्या खांबातून एक माणूस उतरताना दिसावा. एकही शब्द नको.

गेल्या एप्रिलात मुंबईहून तिघे जण हळदीवर माहितीपट काढायला आले. हिंदी बोलणारा कुणी मुलगा आहे का म्हणून त्यांनी थिएटरवर चौकशी केली, आणि दस्तगीरनं माझं नाव सांगितलं. माझा इंग्रजीचा पेपर दुसऱ्या दिवशी अकराला होता. मी एकदासुद्धा 'नाही' म्हणालो नाही.

त्यांचे साहेब पन्नाशीचे होते, पांढरी टोपी उन्हासाठी, गळ्यात एक भिंग. सौम्य बोलायचे. मी धीर करून, अडखळत, त्यांना माझा उन्हाचा खांब सांगितला. ते थांबले. कॅमेरावाल्याकडे बघून म्हणाले, "सुना?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं. आजवर माझ्या वहीतलं एक वाक्यही कुणी खरं धरलं नव्हतं.

आबा ज्यांच्या पेवांवर काम करतात त्या शेठनी एक पेव उघडायला परवानगी दिली. अर्धी हळद काढून पुन्हा मिटलेलं, बऱ्याच महिन्यांचं बंद. मंडळी उशिरा आली होती. आबांनी माती सारून फरशी बाजूला केली तेव्हा अकरा वाजले होते.

साहेबांनी मला विचारलं, "कितना टाइम खुला रखना पडेगा?"

मी आबांना विचारलं. आबा म्हणाले, "तीन तास तर पायजेतच. लय दिस मिटलेलं हाय. मग कंदील."

अकरा आणि तीन म्हणजे दोन. दोन वाजता पेवात अंधार. हे गणित माझ्या डोक्यात एका क्षणात झालं आणि माझ्या तोंडून निघालं, "एक घंटा, साब."

आबांना हिंदी बोलता येत नाही. पण बाजारात इतकी वर्षं गेली त्यांची. आकडे आणि 'घंटा' त्यांना कळतात. त्या वेळी हे माझ्या लक्षात नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं आहे. लक्षात होतं. आबांनी माझ्याकडे बघितलं. बंडीतून बिडी काढली, पेटवली नाही, परत ठेवली. परक्या माणसांपुढे पोराला खोटं पाडायचं नाही एवढंच त्यांच्या मनात असणार.

तो एक तास माझ्या आयुष्यातला फार सुखाचा होता, हे लिहायची मला शरम वाटते. चंदेरी कागद चिकटवलेली एक फळी होती, ऊन पाहिजे तिकडे वळवायला. ती दस्तगीरच्या हातात दिली होती. तो म्हणाला, "डायरेक्टर, उजेड कुटं टाकू? तुज्या तोंडावर टाकू काय? लय पिवळं दिसतंय." साहेबांनी मला कॅमेऱ्याला डोळा लावू दिला. चौकटीत पेवाचं तोंड होतं आणि त्याच्या कडेला आबांचे पाय. भेगाळलेले, पिवळे. मी ते पाय रोज बघतो. चौकटीत ते दुसऱ्याच कुणाचे तरी वाटले, आणि मला ते फार आवडले.

बाराला आबांनी दोराला कंदील बांधला आणि आत सोडला. एक हात, दोन हात, तीन हात. ज्योत लाल झाली, लहान झाली, आणि गेली.

"हवा से बुझा होगा," साहेब म्हणाले.

आबांनी कंदील वर घेतला, पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा तिथेच गेला. वर ऊन पेवाच्या काठावर आलं होतं. साहेबांनी घड्याळ बघितलं. "दोनच मिनिटं उतरायचं आहे," ते मला हिंदीत म्हणाले, "श्वास धरून. विचार त्यांना."

मी विचारलं नाही. विचारायची गरजच पडली नाही. आबांनी धोतर वर खोचलं आणि दोर कमरेला गुंडाळायला घेतला.

मला वाटलं होतं आबा नाही म्हणतील. त्यांनी नाही म्हणावं आणि दोष त्यांच्यावर जावा, अशीच माझी आशा होती. ते माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तास झाला न्हवं? तू सांगितलावतास तास. उतरू?"

दस्तगीरनं फळी खाली केली. "सिदू," तो म्हणाला. एवढंच. डायरेक्टर म्हणाला नाही.

"नको, आबा," मी म्हणालो. मग साहेबांकडे वळलो. हिंदी सुचेना. "तीन घंटे बोले थे वो. मैंने झूठ बोला."

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. म्हणाले, अकराला सांगितलं असतंस तर एवढ्या वेळात आम्ही बाजाराची दृश्यं घेतली असती. मग कॅमेरावाल्याशी इंग्रजीत काही बोलले. त्यातलं मला जे कळलं ते मी इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाले, उद्या. सकाळी लवकर उघडा. उन्हाच्या वेळेला येतो. "तुम रहोगे?"

मी तोंड उघडायच्या आत आबा जन्मात पहिल्यांदा हिंदी वाक्य बोलले. "उसका पेपर हाय."

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मी परीक्षेच्या खोलीत होतो. खिडकीबाहेर गुलमोहराच्या सावल्या बुंध्याशी गोळा झाल्या होत्या. निबंधाच्या प्रश्नात मी एक वाक्य तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. माझ्या मनातलं दृश्य तिकडे चाललं होतं आणि त्यात माझे वडील होते. कंदील जळला असेल का, हे मला इथून कळणार नव्हतं. पेपर वेळेआधी देऊन मी सायकल हाणत आलो. चिंचांचा रस्ता एवढा लांब आहे हे मला त्या दिवशी कळलं.

आबा दारात पाय धूत होते.

"झालं?" मी विचारलं.

"चार येळा खाली-वर केलं," आबा म्हणाले. "सकाळच्या पारी सात वाजताच उघडलं. दर खेपंला कंदील सोडला. सायब म्हनला, एकदा सोडला की पुरे. म्हनलं, न्हाई साब, हर टाइम. लय तापला. म्हनलं, ताप." मग चूळ भरून म्हणाले, "पेपर कसा गेला?"

त्या दिवसाबद्दल आबा त्यापुढे एक अक्षर बोलले नाहीत. आईलाही त्यांनी सांगितलं नाही. ओरडले असते, एक थोबाडीत दिली असती, तर ते तिथंच संपलं असतं. ते संपलं नाही. वर्षभर ते माझ्याबरोबर चिंचेखाली बसतं, संगमावर येतं, जेवताना समोर असतं. मी 'एक घंटा' म्हणालो तेव्हा मला आबा दिसत नव्हते, उन्हाचा खांब दिसत होता. मग असं वाटतं की, ज्याला खांब दिसतो आणि माणूस दिसत नाही, त्यानं सिनेमाच्या वाटेला जावं का? माहितीपटातली माणसं शिक्षा झाल्यासारखी का उभी असतात, असं मी वहीत विचारलं होतं. त्याचं उत्तर मला आता थोडंसं कळलं आहे. ते वहीत लिहायचा धीर झालेला नाही.

तो माहितीपट अजून सांगलीला आलेला नाही. मी मात्र कुठल्याही सिनेमाला सुरुवातीआधी जाऊन बसतो. दस्तगीर म्हणतो, "दहा मिनिटांसाठी अख्खं तिकीट काडनारा सांगलीत तू एकटाच." आला तर मी आबांना घेऊन जाईन का, हे मला ठरवता येत नाही. आबांनी जन्मात सिनेमा बघितलेला नाही.

आणि तरीही. हे 'तरीही' मला वर्षभर बसू देत नाही. काल नदीवर एक बाई गोधडी पिळत होती. पिळता पिळता ती थांबली आणि पाण्याकडे नुसती बघत राहिली. मला वाटलं, इथे कॅमेरा पाहिजे होता. मग वाटलं, तिला आधी विचारायला पाहिजे. हे दुसरं वाटणं गेल्या एप्रिलापर्यंत माझ्यात नव्हतं. त्यानं मला थोडा धीर आला असावा.

आज दुपारी मी आबांची भाकरी घेऊन पेवावर गेलो. नवी हळद भरायचं काम चाललं होतं, पोत्यांच्या सावलीत आबा एकटेच बसले होते. त्यांनी फडकं सोडलं, कांदा बुक्कीनं फोडला. मी उभाच होतो.

"बस की," आबा म्हणाले. "का हुबा ऱ्हायलास?"

"आबा, परीक्षा झाली की पुण्याला जायचं म्हणतोय."

"नोकरी हाय व्हय?"

"नाही. शिकायला. सिनेमा काढायचं शिकवतात तिथं."

आबा चावत राहिले. घास संपला. पाणी प्याले.

"ते शिकाय लागतं?"

"हो."

"आपलं ते मुंबईचं सायब शिकल्यालं हुतं काय?"

"ठाऊक नाही."

"न्हाई वाटलं," आबा म्हणाले, आणि दुसरी भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे धरली. मी घेतली, पण खाल्ली नाही. पलीकडे कुणीतरी हळदीचं पोतं रिकामं केलं. धूळ आमच्या अंगावर आली, आम्ही दोघंही शिंकलो.

"किती येळ लागतो तितं?" आबांनी विचारलं.

"तीन वर्षं."

आबांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ते कसलं बघणं आहे हे मला लगेच कळलं. मी मान खाली घातली नाही. ते मला फार अवघड गेलं.

"तीन म्हंजी खरंच तीन?" आबा म्हणाले. "का कमी करून सांगतोयस?"

"तीनच, आबा," मी म्हणालो. "नापास झालो तर चार."

आबांनी हातातला घास तोंडात टाकला, सावकाश चावला.

"मग चार धरू," ते म्हणाले. "खा आता."